हळद, चुना आणि वसंताआत्याचं तळं

“अकरावा,” सूर्या म्हणाला आणि त्यानं मेलेला रोहू टोपलीत टाकला.

अक्षया गुडघाभर पाण्यात जाळी घेऊन उभी होती. दुपारचे तीन वाजले होते आणि तळ्यातले मासे पाण्याबाहेर तोंडं काढून धापा टाकत होते.

ही दोघं बहीणभाऊ कुंभकोणम्‌ची. मे महिन्याची सुट्टी लागली की मुक्काम वसंताआत्याकडे, पट्टीश्वरम्‌च्या अलीकडच्या खेड्यात. चार वर्षं तिरुप्पूरच्या बनियन कारखान्यात शिवणयंत्रावर मान मोडून झाल्यावर आत्यानं गावसमितीचं हे तळं मासे वाढवायला घेतलं होतं. गेलं वर्ष छान गेलं. यंदा मात्र मासे मरायला लागले होते.

तेवढ्यात बांधावरून समितीचे अध्यक्ष त्यागराज आले. मागे त्यांची दहा वर्षांची नात, नित्या. ती या दोघांची मैत्रीण. तिच्याशी सगळे तमिळमध्ये बोलत, घरात शिरले की पुन्हा मराठी.

“वसंताम्मा, पाण्याला काही झालेलं नाही,” त्यागराजांनी वही उघडली. “आमचा माणूस रोज सकाळी सातला पीएच मोजतो. साडेसात, साडेसात, आजही साडेसात. तुमचं खाद्यच वाईट आहे. शुक्रवारी बैठक आहे. तळं दुसऱ्याला द्यावं लागेल.”

“मासे दुपारी मरतात आणि तुम्ही मोजता सकाळी?” अक्षया म्हणाली.

“जा, खेळा जा. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये.”

मोठ्या माणसांची ही खोडच असते. उत्तर नसलं की खेळायला पाठवतात.

“नाही जाणार,” अक्षया म्हणाली. आत्यानं डोळे वटारले, तरी ती हलली नाही.

रात्री जेवताना आत्या हसून म्हणाली, “जाऊ दे गं. तिरुप्पूरला माझं यंत्र अजून रिकामंच आहे म्हणतात.” तिच्या तळव्यांची सालं निघाली होती. भाताचा घास घेताना ती हात आखडत होती. अक्षयाला त्या हसण्याचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी आत्या आणि ही दोघं कामाला लागली. आत्याच्या डबीत पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या होत्या. पट्टी पाण्यात बुडवायची आणि तिचा रंग डबीवरच्या रंगांशी जुळवायचा. सात म्हणजे मधलं पाणी. खाली आम्ल, वर आम्लारी.

बुधवारी सकाळी सातला पीएच साडेसात. दुपारी तीनला साडेआठ. मासा एकही मेला नाही.

“म्हणजे दुपारी चढतो,” सूर्या म्हणाला.

“चढणारच,” आत्या म्हणाली. “उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन वायू खातं, पीएच चढतो. रात्री मासे श्वास सोडतात, पुन्हा उतरतो. त्याला आवर घालायला तर मी दर मंगळवारी चुनखडीची भुकटी टाकते. ती पाण्याला सांभाळून धरते. फार चढू देत नाही, फार उतरू देत नाही.”

“दर मंगळवारी?” सूर्यानं बोटांवर दिवस मोजले. “आत्या, काल मंगळवार होता. गेल्या मंगळवारी नऊ मेले होते!”

“वेडा आहेस का? गेल्या वर्षीही हेच टाकत होते. चुनखडीनं मासा मरत नाही.”

“तेव्हा आडुतुरैहून आणायचीस ना? यंदा कुठून?”

“समितीच्या गोदामातून. तिथूनच घ्यायची, अशी त्यागराजांची अट.”

अक्षया उठली. तिनं बादलीभर तळ्याचं पाणी आणलं आणि पोत्यातली चिमूटभर भुकटी त्यात टाकून ढवळलं. पट्टी जांभळी झाली. डबीवर तो रंग अगदी शेवटी होता, अकराच्याही पुढे.

“पट्ट्या जुन्या आहेत,” आत्या म्हणाली, पण तिचा आवाज खाली आला होता.

तेवढ्यात नित्या रडवेली होऊन आली. आईनं तिला चांगलंच झापलं होतं. निळ्या फ्रॉकवर पाठीमागे एक सरळ पांढरा पट्टा उमटला होता.

“देवळाच्या भिंतीला टेकले फक्त,” ती म्हणाली. उत्सवासाठी भिंतीवर नुकतेच तांबडे-पांढरे पट्टे ओढले होते. तांबडे डब्यातल्या रंगाचे, पांढरे समितीच्या गोदामातल्याच चुन्याचे. “रंगवून दहा दिवस झाले गं! वाळलेला चुना हाताला लागतो का कधी?”

अक्षयानं आत्याचा हात ओढून उताणा केला. “चुनखडीनं हात भाजतात का, आत्या?”

“नाही. मला वाटलं, उन्हानं...”

“चुन्यानं भाजतात. भिंतीचा चुना तुझ्या तळ्यात पडतोय आणि तुझी चुनखडी भिंतीवर!”

आता आत्यालाही उमगलं. तळ्याला हवी ती दगडाची भुकटी. ती हळूहळू, लागेल तेवढीच विरघळते. भिजवलेला चुना एका झटक्यात पीएच चढवतो आणि माशांचे कल्ले भाजून काढतो. रात्रभरात पाणी निवळायचं आणि सकाळी सात वाजता वहीत साडेसात लिहिलं जायचं.

“तात्ता मानणार नाहीत,” नित्या म्हणाली. तात्ता म्हणजे तिचे आजोबा. “पट्टीबिट्टी दाखवलीत तर म्हणतील, मुलांचा खेळ.”

“मग पट्टी नको,” अक्षया म्हणाली. “पाहुण्यांना ओवाळायला तुझी आजी लाल पाणी कसं करते?”

“हळदीच्या पाण्यात चुना टाकते.” आणि नित्याचे डोळे चमकले.

शुक्रवारी बैठक देवळाच्या भिंतीलगतच बसली. “तर तळं परत घ्यायचं...” असं त्यागराज म्हणत होते, तेवढ्यात तिघं सरळ मध्ये जाऊन उभी राहिली. नित्याच्या हातात आजीचं ताट, ताटात दोन वाट्या, दोन्हींत हळदीचं पिवळं पाणी.

“हे काय? घरी जा.”

“नाही जाणार,” या वेळी नित्या म्हणाली. नातीचं हे रूप त्यागराजांनी कधी पाहिलं नव्हतं.

“ही भुकटी आत्याला दिलेल्या पोत्यातली,” अक्षयानं चिमूट पहिल्या वाटीत सोडली. पाणी लालभडक झालं. “आणि ही रंगाऱ्यांच्या ड्रमात उरलेली.” दुसरी वाटी पिवळीच राहिली.

बैठकीत ओवाळणीचं लाल पाणी कुणाला ठाऊक नव्हतं? कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही.

“पण गोदामात मी स्वतः...” त्यागराज मागे सरून भिंतीला टेकले. “दोन्ही पोती सारखीच दिसतात. मी बोट दाखवलं, हमालांनी उचलली.”

“उघडून बघितलंत?” सूर्यानं विचारलं.

त्यागराज गडबडून वळले, तर त्यांच्या तपकिरी सदऱ्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत पांढरा पट्टा. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग हसू कुणालाच आवरेना.

त्यागराजांनी मान वळवून पाठ पाहायचा प्रयत्न केला. हात मागे नेला, बोटं पांढरी झाली.

“चूक माझी,” शेवटी ते म्हणाले. “तळं वसंताम्माकडेच राहील. मेलेल्या माशांची भरपाई समिती देईल आणि भिंत मी पुन्हा रंगवून घेईन.” समितीतले सगळ्यांत म्हातारे विजयराघव उठले आणि त्यांनी तिन्ही पोरांच्या डोक्यावर हात ठेवला. “आम्ही पाच जणांनी डोळे मिटून सह्या केल्या असत्या,” ते म्हणाले.

पुढच्या मंगळवारी सकाळी आत्यानं खरी चुनखडी टाकली. दुपारी तीनला त्यागराज स्वतः उन्हात, बांधावर पट्टी धरून उभे होते. अक्षयानं त्यांना बोलावणं धाडलं होतं: मोजायचं तर आता या.

पट्टीनं सव्वाआठ दाखवले. तळ्यावर एकही मासा तरंगत नव्हता.

त्यांनी वहीत आकडा लिहिला, शेजारी वेळही लिहिली. मग आत्याकडे वळून म्हणाले, “वसंताम्मा, तुमची ही मुलं कुणाचं ऐकत नाहीत.”

“नाही ऐकत,” आत्या म्हणाली. तिनं दोघांना जवळ ओढलं आणि नित्यालाही. तिचे तळवे आता बरे व्हायला लागले होते.