हळद्याचा उपास

लोहाऱ्याच्या स्टँडवर मैलारगावची जीप भरायला पाऊण तास लागला, आणि भरली ती अशी भरली की शिवांजलीच्या मांडीवर तिची पिशवी, पिशवीवर शेजारणीची कोथिंबिरीची जुडी आणि पायाशी एक कुत्रं, असा सगळा संसार मांडला गेला. कुत्रं अगदी हळदीच्या रंगाचं होतं. त्याच्या गळ्यातल्या दोरीचं दुसरं टोक समोरच्या बाकावर अंग चोरून बसलेल्या एका उंच तरुणाच्या हातात होतं. कुत्र्याला टपावर बांधा म्हणून ड्रायव्हर हटून बसला होता आणि तरुण नुसता खाली बघत होता. शेवटी शिवांजलीलाच राहवलं नाही.

"राहू द्या की," ती म्हणाली. "माणसांपेक्षा नीट बसलंय."

जीपभर हसू पसरलं. तरुणानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं… आणि लगेच हातातल्या दोरीकडं बघायला लागला. दोरीत बघण्यासारखं काहीही नव्हतं.

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते, तरी कुणाच्या तरी खिशात एक सुतळी बॉम्ब उरलाच होता. तो स्टँडच्या कोपऱ्यात वाजला आणि जीपमधल्या बायका दचकून एकमेकींवर कोसळल्या. कुत्रं मात्र जागचं हललं नाही. त्याची शेपटीसुद्धा हलली नाही.

"खंडोबाचं कुत्रं हाय ते," शेजारीण कौतुकानं म्हणाली. "त्याला भ्या म्हाईत न्हाय."

शिवांजलीनं हात खाली नेऊन कुत्र्याच्या बरगड्यांवर ठेवला. आत काळीज इतकं धडधडत होतं की ठोके मोजता येईनात. कान मागं चिकटलेले, तोंड घट्ट मिटलेलं. तिच्या कपाळावर आठी आली, पण भर जीपमध्ये ती काही बोलली नाही. तिनं तरुणाला एवढंच विचारलं, की कुत्र्याला घेऊन लोहाऱ्याला कशाला आला होता. पायात काटा मोडला होता, तो काढायला, असं तो म्हणाला.

"गावात जनावरांचा दवाखाना नाही?"

"हाय की. चार महिने कुलूप हाय. नवीन कोण तरी पर्यवेक्षक येणार म्हणतात." तो जरासा हसला. "येतंय कशाला कोण आमच्या गावात."

"येतंय," शिवांजली म्हणाली. "तुमच्या समोरच बसलंय."

बिचारा कानापर्यंत लाल झाला. शिवांजली म्हणजे तुळजापुरात देवळाच्या वाटेवर कवड्यांच्या माळांचं दुकान चालवणाऱ्या बापाची लेक. गिऱ्हाइकाशी चार शब्द जास्त बोलायची सवय तिला लहानपणापासून. पण मैलारगावात उतरताना तिला काय झालं कोण जाणे. नाव विचारायला तिनं तोंड उघडलं आणि विचारलं ते कुत्र्याचं.

"हळद्या," तो म्हणाला, आणि दोरी धरून चालायला लागला.

त्याचं नाव दिग्विजय असल्याचं तिला दुसऱ्या दिवशी पाटी वाचून कळलं. दवाखान्याच्या वाटेवरच त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरींवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची तार पुन्हा भरायची, हा त्याचा धंदा. बोटांना कायम व्हार्निशचा वास. त्या दिवसापासून हळद्याची तब्येत मात्र फारच नाजूक झाली. कधी नख दुखावलेलं, कधी कानात गोचीड, आणि एकदा तर दिग्विजयनं नुसतं "जरा उदास वाटतोय" म्हणून त्याला आणलं. उदास हळद्या त्या वेळी शिवांजलीच्या खुर्चीखाली पाठीवर लोळत होता.

"उदास नक्की कोण आहे?" तिनं विचारलं.

दिग्विजय म्हणाला, "बघून घेतलेलं बरं, म्याडम," आणि पुन्हा दोरीकडं बघत बसला.

एकदा त्याची नजर दवाखान्यातल्या जुन्या कूलरवर पडली. मोटार जळून दोन वर्षं झाली होती. ती त्यानं उचलून नेली, तार भरून परत आणून बसवली. अंगात स्वेटर घातलेली शिवांजली दारात उभी राहून बघत होती.

"थंडीत कूलर दुरुस्त करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

"उन्हाळा येईल की."

"आणि तोवर माझी बदली झाली तर?"

हे ती सहज बोलली होती… निदान स्वतःला तरी तिनं तसं सांगितलं. दिग्विजय हातात पाना घेऊन उभा राहिला. चेहऱ्यावर काही नाही, तोंडातून शब्द नाही. तिनं वाट पाहिली, मग रजिस्टर उघडून बसली. या माणसाला काहीच वाटत नाही, असा निकाल तिनं लावून टाकला, आणि त्या निकालाचं तिला वाईट वाटलं.

चंपाषष्ठी आठवड्यावर आली, तशी गावाची गडबड सुरू झाली. मैलारगावची जत्रा म्हणजे खंडोबाची पालखी आणि पालखीपुढं शोभेचं दारूकाम. भुईनळे, चक्रं, बांबूवर बांधलेली जळती झाडं आणि शेवटी एकवीस तोफा. आणि या सगळ्यात पालखीच्या पुढ्यात, कपाळाला भंडारा लावून, शेवटची तोफ वाजेपर्यंत उभं राहायचं ते मानाच्या कुत्र्यानं. तो मान दिग्विजयच्या घराचा. त्याचे वडील उत्तरेश्वरअण्णा हे मानकरी, आणि तीन वर्षं हळद्या उभा राहत होता. एकदाही हलला नाही, हे दिग्विजयनं मोठ्या अभिमानानं सांगितलं.

शिवांजलीला जीपमधल्या त्या बरगड्या आठवल्या. तिनं विचारलं, "आणि नंतर? घरी आल्यावर काय करतो?"

"नंतर दोन दिस जेवत न्हाय. कडब्याच्या खोलीत जाऊन बसतो. उपास असतो त्येचा. अण्णा म्हणतात, देव अंगातनं उतराया वेळ लागतो."

"तो उपास नाही, दिग्विजय." तिचा आवाज चढला. "कुत्रं घाबरलं की तीन गोष्टी करतं. पळतं, अंगावर येतं, नाहीतर थिजतं. तुमचा हळद्या थिजणाऱ्यांतला आहे. तुम्ही तीन वर्षं त्याला जिवाच्या भीतीत उभं केलंत आणि वर त्याला धीट म्हणालात. आता त्याचं वय झालंय, काळजाचा ठोका चुकतोय, मी ऐकलाय. या वर्षी तो तोफांपुढं उभा राहिला, तर चालत घरी येईल याची मला खात्री नाही."

दिग्विजयनं वाकून हळद्याच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला, आणि दोरी सोडवून निघून गेला.

त्यानंतर तीन दिवस तो फिरकला नाही. हळद्याला गोचीड झाली नाही, नख दुखलं नाही, काही नाही. आपण बोललो त्यातला शब्दही खोटा नव्हता, हे शिवांजलीला ठाऊक होतं. पण ज्या सुरात बोलली तो सूर तिला भाकरी थापताना आठवे आणि हात थांबे. गावात नवीन बाई, मानकऱ्यांच्या घराला शिकवायला निघाली. आता गाव तुटलं, आणि… आणि दुसरंही काही तुटलं, ज्याला अजून नावसुद्धा दिलं नव्हतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी अण्णांचा निरोप आला. देवळात या.

हातातलं काम टाकून ती गेली. देवळाच्या पायरीवर पांढरा पटका बांधलेले अण्णा बसले होते. बाजूला पोत्यावर बसून म्हातारे दादामियाँ बांबूच्या चौकटीला वाती बांधत होते. या जत्रेचं दारूकाम चाळीस वर्षं त्यांच्याच हातचं. आणि खांबाला टेकून दिग्विजय, त्याच्या पायाशी हळद्या.

"म्याडम," अण्णा म्हणाले, "ह्यो माझा ल्योक. अठ्ठावीस वर्सांत माझ्यापुढं तोंड उघडलं नव्हतं ह्यानं. आज सकाळी उघडलं. म्हणतो, हळद्या दारूकामाला येणार न्हाय. जबरदस्ती केली तर मी मान सोडतो. हे तुमी शिकवलं ह्येला?"

शिवांजलीनं दिग्विजयकडं पाहिलं. या वेळी तो दोरीकडं बघत नव्हता. सरळ तिच्याकडं बघत होता.

"कुत्र्याचं मी सांगितलं, अण्णा," ती म्हणाली. "मान सोडायचं त्यांचं त्यांनी ठरवलं."

अण्णांनी मग सगळा पाढा वाचला. बापाचं कुत्रं उभं राहिलं, आज्याचं राहिलं, देवाच्या कुत्र्याला कसली भीती, आणि दवाखान्याच्या पुस्तकात देवाचं काय लिहिलेलं असणार. ते अजून बोलले असते, पण दादामियाँनी हातातली वात खाली ठेवली.

"अण्णा, एक बोलू? रागावू नगा. तुमी पालखीसंगं असता, तुमाला कुत्र्याची पाठ दिसती. मी समोरनं वात लावतो, मला तोंड दिसतं. पयली तोफ उडाली की त्याच्या पायाखालची माती वली हुती. दर साल. त्याच्या आधीच्या कुत्र्याचं बी तसंच हुतं."

अण्णा त्यांच्याकडं वळून म्हणाले, "आन् इतक्या वर्सांत बोलला न्हाईस, दादामियाँ?"

"मान तुमच्या घरचा. दारूवाल्यानं त्यात कसं बोलायचं?"

हळद्या उठला, अण्णांपाशी गेला आणि त्यांच्या गुडघ्याला नाक लावून शेपटी हलवायला लागला. अण्णांचा हात आपोआप त्याच्या पाठीवर गेला. त्या हाताकडं बघताना शिवांजलीला पहिल्यांदा वाटलं, की हा म्हातारा कठोर नाही, त्याला फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

"ठीक हाय," अण्णा म्हणाले. "हळद्या दिवेलागणीला पालखीपुढं येईल, भंडारा लावून घेईल, माघारी जाईल. मग तोफा. मानकऱ्यानं कुत्रं एकटं सोडायचं नसतं, तवा दिग्विजय त्याच्यासंगं जाईल. पण एक सांगतो. उद्या सांजंला त्यो जेवला, तर म्याडमचं खरं. न्हाय जेवला तर त्यो उपासच हाय, आन् पुढल्या वर्सी त्यो पुन्हा तोफांपुढं उभा ऱ्हाईल."

चंपाषष्ठीला दिवेलागणीला पालखीपुढं भंडारा लावून झाल्यावर दिग्विजय हळद्याला घेऊन दवाखान्यात आला. गावाच्या दुसऱ्या टोकाला, जाड दगडी भिंतींची ती खोली शिवांजलीनं आधीच तयार ठेवली होती. खिडक्यांना पोती लावलेली, कोपऱ्यात गोणपाट अंथरलेलं, ताटलीत दुधात कुस्करलेली भाकरी. हळद्यानं भाकरीचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. कपाळावरचा भंडारा त्याच्या रंगात मिसळून गेला होता.

"कूलर लावा," दिग्विजय म्हणाला.

"या थंडीत?"

"मोटार माझी हाय. आवाज लई करती. तेच पायजे."

कूलर घरघरायला लागला आणि खोलीत गार वाऱ्याचा लोट सुटला. शिवांजलीनं स्वेटरवर शाल ओढली, दिग्विजयनं घोंगडी पांघरली, आणि मध्ये हळद्या. पहिली तोफ झाली ती कानांपेक्षा जमिनीलाच जास्त कळली. हळद्याचे कान उभे राहिले. त्यानं दिग्विजयकडं पाहिलं, शिवांजलीकडं पाहिलं, आणि थिजायच्या ऐवजी उठून तिच्या मांडीवर डोकं टेकवलं. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. दिग्विजयचा हात तिथं आधीच होता. दोघांपैकी कुणीही हात उचलला नाही.

दिग्विजयचे ओठ हलले.

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "कूलर तुमचाच आहे."

त्यानं एक मोठा श्वास घेतला. जन्मभर हळू बोललेला माणूस, त्याला आता ओरडूनच बोलावं लागणार होतं.

"तुमी म्हणालात कुत्रं तीन गोष्टी करतं. मी बी तिसऱ्यातलाच हाय. तुमच्यापुढं महिनाभर थिजलोय. लोकांना वाटतं ह्येला काय वाटत न्हाय… मला लई वाटतं. बदलीचं बोललात तवा माझ्या पायाखालची जमीन गेली, आन् मी पाना धरून उभा ऱ्हायलो." तो थांबला, आणि अजून मोठ्यानं म्हणाला, "तुमची बदली झाली, तर मी तिथं दुकान टाकीन, शिवांजली. मोटारी सगळीकडंच जळतात."

तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. इतके दिवस छातीवर बसलेलं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं.

"मी कुठं धीट आहे," तीही ओरडूनच म्हणाली. "जीपमधून उतरताना मला तुमचं नाव विचारायचं होतं. भीतीनं कुत्र्याचं विचारलं."

मांडी एकदम हलकी झाली म्हणून तिनं खाली पाहिलं. हळद्या तिथं नव्हता. दिग्विजयनं हात लांब करून कूलर बंद केला. तोफा केव्हाच संपल्या होत्या. शांत झालेल्या खोलीत एकच आवाज येत होता, ताटली फरशीवरून सरकत असल्याचा. हळद्या ती चाटत चाटत भिंतीपर्यंत ढकलत निघाला होता.

दार ढकलून अण्णा आत आले. मागं काळ्या हातांचे दादामियाँ. अण्णांनी दोघांकडं पाहिलंच नाही, आधी ताटली पाहिली.

"जेवला?"

"जेवला," दोघं एकदम म्हणाले.

अण्णा उंबऱ्यावर टेकले. पटका काढून मांडीवर ठेवला आणि कितीतरी वेळ नुसतं कुत्र्याकडं बघत राहिले. "माझ्या बापाला कुणी तरी सांगाया पायजे हुतं," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी घसा खाकरला. "आन् दिग्विजय, असलं काय बोलायचं असलं तर आधी कूलर बंद करायचा. आमी दोघं मघाधरनं भायेर उभं हाव."

दिग्विजय पुन्हा कानापर्यंत लाल झाला. दादामियाँ तोंडावर काळा हात धरून हसत होते.

"म्याडम," अण्णा म्हणाले, "तुमच्या वडलांचं दुकान तुळजापुरात कुठं पडतं? एकदा देवीला जाऊन यावं म्हणतो."

शिवांजलीनं सगळा पत्ता सांगितला, कुठल्या वळणावर वळायचं तेही सांगितलं. सांगताना तिचा हात दिग्विजयच्या हातात होता, आणि हळद्या रिकामी ताटली तोंडात धरून दुसरी भाकरी मागायला तिच्यापुढं येऊन उभा होता.