बुधवारचं गिऱ्हाईक

श्रावणातली दुपार होती. एक सर टाकून पाऊस पुढच्या डोंगरावर गेला होता आणि सड्यावर निळ्या-पिवळ्या फुलांनी असा गालिचा धरला होता की खालचा कातळ दिसेनासा झाला होता. अशा दुपारी कोंडसड्याच्या तिठ्यावर हल्ली कुणी थांबत नसे. म्हणून ‘हॉटेल गंगाप्रसाद’समोर मोटरसायकल थांबली, तेव्हा दमयंतीनं आधी गाडीचा नंबर पाहिला, मग भिजलेले बूट पाहिले आणि माणसाकडे सगळ्यात शेवटी पाहिलं.

माणूस तिशीचा असावा. केसांतून पाणी निथळत होतं, आणि डोळे... दमयंतीनं नजर काढून घेतली. गोड डोळ्यांची माणसं तिनं पाहिली होती. गेल्या वर्षी असाच एक एजंट आला होता, ‘काका, काका’ म्हणत धोंडूकाकांच्या शेजारी बसला होता. आज धोंडूकाकांच्या टायरच्या दुकानाभोवती तारेचं कुंपण होतं आणि काका मुलाकडे नालासोपाऱ्यात होते.

“चहा मिळेल?”

“हॉटेल आहे. चहाच मिळतो.”

तो हसला. चहा आला, तसं त्यानं पिशवीतून एक वही काढली आणि रस्त्याकडे बघत काहीतरी लिहायला लागला. दमयंती फडकं घेऊन शेजारचं स्वच्छ टेबल पुसायला गेली. वहीत तिठ्याचा नकाशा होता. तीन रस्ते, वडाचं झाड, दोन्ही बाजूंना छोटे छोटे चौकोन.

“पूर्वी इथे मुंबईच्या गाड्या थांबायच्या ना? तेव्हा कुणाचं दुकान कुठं होतं, सांगाल?”

तिचं फडकं टेबलावरच थांबलं. “कशाला हवंय?”

“आठवणी गोळा करतोय.”

“आठवणींना गिऱ्हाईक आहे?”

“अजून तरी मी एकटाच आहे.”

“नाव काय तुमचं?”

“विनीत.”

“पुढे?”

“आडनाव सांगितल्याशिवाय दुसरा चहा मिळत नाही का?”

दुसरा चहा त्याला मिळाला, पण साखर न घालता. तो त्यानं तोंड वाकडं न करता संपवला आणि म्हणाला, “पुढच्या बुधवारी येतो. बुधवारी सुट्टी असते मला.”

तो गेल्यावर शेजारी फणसपोळीची टोपली घेऊन बसलेली आत्या पुढे सरकली. सत्तरीची ही बाई गेली चाळीस वर्षं त्याच जागी बसायची आणि आख्खा तिठा तिला आत्याच म्हणायचा.

“कोन गो ह्यो?”

“जमिनीवाला असणार.”

“दिसाला बरा हाय.”

“तेच तर, आत्या!”

नवा चौपदरी रस्ता खालच्या अंगानं गेला त्याला दोन वर्षं झाली होती. त्याआधी हा तिठा कधी झोपत नसे. आता तीन किलोमीटरवरून गाड्यांची नुसती घरघर ऐकू येई आणि एकही गाडी वर वळत नसे. शटरं एकेक करून खाली आली. उरलं गंगाप्रसाद, आत्याची टोपली आणि वड. दमयंतीचे वडील गंगाराम अजूनही पहाटे पन्नास माणसांची उसळ भिजत घालायला जायचे, आणि ती त्यांच्या हातातून निम्मी मटकी काढून घ्यायची. आई गेल्यापासून घरात आणि हॉटेलात दोघंच होते.

पुढच्या बुधवारी विनीत आला. त्याच्या पुढच्याही. मिरजोळ्यात बोटींची इंजिनं दुरुस्त करायच्या वर्कशॉपात काम करतो, एवढंच त्यानं सांगितलं. घरचं विचारलं की तो खिडकीबाहेर बघायचा. दमयंतीनं ते मनात नोंदवून ठेवलं. पण तो विचारायचा, आणि तिला सांगावंसं वाटायचं... ही खरी पंचाईत होती. इथे केळीवाला बसायचा, गाडी आली की धावत्या गाडीच्या खिडकीत घड फेकायचा. तिथे कोकम सरबताचे चार स्टॉल होते, चौघे सख्खे भाऊ, एकमेकांशी बोलत नव्हते. शाळेत असताना ती हॉर्नवरून गाडी ओळखायची.

“खोटं!” विनीत म्हणाला.

“मालवणची गाडी दोनदा वाजवायची आणि बोरिवली एकदाच, पण लांब.”

“वाजवून दाखवा.”

“हॉर्न?”

“हो. तोंडानं.”

तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि खरंच वाजवून दाखवला. आतून गंगाराम धावत बाहेर आले. “गाडी आली?” त्यांनी विचारलं. दोघं हसून हसून बेजार झाली, आणि हसता हसता दमयंतीला जाणवलं, की दोन वर्षांत आपल्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. लोक फक्त एवढंच विचारायचे, की जागा विकायला कधी काढताय.

त्या बुधवारी तो निघताना तिनं त्याच्या मागे वडापर्यंत जाऊन पाहिलं. नुसतंच पाहिलं. मग स्वतःवरच चिडली. माणूस चांगला आहे की चांगलं बोलतो, हे एकदा कळायलाच हवं होतं.

चौथ्या बुधवारी तिनं जाळं टाकलं. चहा ठेवता ठेवता ती वाकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “एक सांगू? बाबांना कळू देऊ नका. मला ही जागा विकायचीय. हॉटेल, मागची विहीर, सगळं. कंटाळले मी. मुंबईला जाणार आहे.”

विनीतच्या हातातला कप तसाच राहिला. “खरंच?”

“खरंच. पण कुणाला बोलू नका.”

“नाही बोलणार.” मग त्यानं विचारलं, “कधी जाणार?” त्याचा चेहरा पडला होता. तो कशानं पडला, हे मात्र तिला ठरवता येईना.

ह्यात एकही शब्द खरा नव्हता. आता कुणी एजंट येतो का, एवढंच तिला बघायचं होतं.

गणपतीला दोन दिवस राहिले असताना पांढरी गाडी आली. उतरलेल्या माणसानं गॉगल काढला, हॉटेलाकडे पाहिलं, मागे जाऊन विहिरीत डोकावला. “विहिरीसकट सगळंच काढताय असं कळलं, ताई.”

“कुणाकडून कळलं?”

“कळतं आम्हाला.” तो हसला आणि गंगारामना नमस्कार करून निघून गेला.

दमयंती आत गेली, मोदकांसाठी आणलेले नारळ सोलायला बसली आणि सोलता सोलता तिचे डोळे भरून आले. आपलाच अंदाज बरोबर निघाला होता, तरी इतकं वाईट का वाटावं?

बुधवारी विनीत दारात आला, तर ती वाट अडवूनच उभी राहिली.

“नकाशा पुरा झाला असेल ना आता?”

“काय झालं?”

“ती वही दाखवा मला.”

त्यानं पिशवी छातीशी धरली. “वही नको. दुसरं काहीही विचारा.”

“वहीच हवीय. कुणाच्या जागा लिहिल्यात, कुणासाठी लिहिल्यात...”

“दमयंती, तसं काही नाहीये.”

“मग दाखवा!”

त्यानं पिशवीचा बंद आणखी घट्ट ओढला. “नाही दाखवता येणार,” तो शेवटी म्हणाला.

“मग परत येऊ नका.”

मोटरसायकलचा आवाज उतारावर विरेपर्यंत ती तशीच उभी होती. 

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं. तीन बुधवार कोरडे गेले. चौथ्या बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर गंगारामनी कपाटातून एक लिफाफा काढून तिच्यापुढे ठेवला.

“हे वाच. मी सही केली नाही अजून. तुझं बघून झालं की करतो.”

जागेच्या विक्रीचा कागद होता. दमयंतीच्या हातातून ताटच निसटलं. “बाबा, हे कुणी...”

“मीच फोन केला त्या गॉगलवाल्या एजंटाला.” ते खाली बघून बोलत होते. “तू त्या पोराला सांगत होतीस ना, कंटाळले म्हणून? मी आत उसळीला फोडणी देत होतो. ऐकलं सगळं. मला कळायला हवं होतं गो. माझ्या हौसेपायी तुला इथे अडकवून ठेवलं. आता तुझ्या मनासारखं होऊ दे. मुंबईला जा.”

दमयंती त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. खोटं होतं ते, बाबा, सगळं खोटं होतं, त्याची परीक्षा बघायला बोलले मी. गंगारामना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी लिफाफा उचलला, चार तुकडे केले आणि म्हणाले, “परीक्षा त्याची, आणि झोप उडाली माझी! महिनाभर नीट जेवलो नाही मी.” मग तुकडे गोळा करत म्हणाले, “आणि त्या पोराचं काय?”

दुसऱ्या दिवशी दमयंती सकाळच्या एसटीनं मिरजोळ्याला उतरली. तिच्याकडे फक्त त्याचं नाव होतं. दोन वर्कशॉपांत त्या नावाचं कुणी नव्हतं. तिसऱ्यात एक माणूस इंजिनाखालून बाहेर आला, कोपरापर्यंत काळा झालेला.

“चहा मिळेल?” तिनं विचारलं.

तो हसला नाही. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, जाळं कसं टाकलं, त्यात बाबाच कसे सापडले. “मी चुकले. पण वही का नाही दाखवलीत, हे मला अजूनही कळलेलं नाही. आणि ते कळल्याशिवाय... माझ्या मनातली पाल जाणार नाही. मी अशीच आहे.”

विनीतनं हात पुसले. “चला घरी. जवळच आहे.”

दोन खोल्यांच्या घरात खिडकीशी एक म्हातारा माणूस बसला होता. मांडीवरच्या गोधडीवर त्याचे हात एखादं मोठं स्टिअरिंग धरल्यासारखे फिरत होते. महिपत, विनीतचे वडील. पंचवीस वर्षं मुंबईची गाडी चालवलेली. आता मुलाचं नावही रोज आठवत नसे.

“तिठा आला काय?” त्यांनी दमयंतीला विचारलं. आणि मग हळू, लाडीगोडीच्या सुरात म्हणाले, “सोनू, रागावू नको गो. गणपतीला येतो. नक्की येतो.”

विनीतनं मान फिरवली. “हेच. तीन वर्षं रोज हेच. आई गेली ती हे ऐकत गेली. एका शब्दानं बोलली नाही. कोंडसड्याच्या तिठ्यावर ह्यांची कुणी... होती, असंच आम्हाला वाटलं. मला शोधायचं होतं, पण नाव घेऊन विचारायची लाज वाटली. म्हणून नकाशा. कोण कुठं बसायचं, कोण बाई, कोण पुरुष. वहीत हेच आहे. ते तुम्हाला कसं दाखवू?”

दमयंती महिपतच्या समोर जाऊन बसली. म्हणजे तो तिच्या हॉटेलात बसून स्वतःच्या बापावर संशय घेत होता, आणि ती त्याच्यावर.

“आमच्या आत्याचं नाव सोनूबाई आहे,” ती म्हणाली. “आता मला कुणी विचारलंच नाही, तर मी तरी काय सांगणार?”

रविवारी विनीत वडिलांना रिक्षातून तिठ्यावर घेऊन आला. महिपत वडाखाली उतरले आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिले. आत्या टोपली सोडून पुढे आली. विनीतनं मूठ घट्ट आवळलेली दमयंतीला दिसत होती.

महिपतनी आत्याकडे पाहिलं आणि तेच वाक्य म्हणाले.

आत्यानं पदर तोंडाला लावला.

“ह्ये आमच्या धन्याचं बोलनं हाय,” ती शेवटी म्हणाली. “ते गोदीत व्हते मुंबयला. मना लिवता वाचता येत नाय. ह्यो महिपत माझा निरोप न्यायचा न् त्यांचा आनायचा, शब्दाला शब्द, त्यांच्याच आवाजात बोलून दाखवायचा, मना हसू यायचा. त्या साली मी रुसले व्हते, तर त्यांनी ह्यो निरोप धाडला. गनपतीला काय ते आले नाय. पुढल्या गाडीनं महिपतच आला, ते गेल्याचं सांगाला. बोलवत नव्हता त्याला. पायरीवर बसून रडला माझ्या.” तिनं महिपतचा थरथरता हात हातात घेतला. “नाय रागावले रे, भावा. कवाच नाय.”

महिपतना किती कळलं देव जाणे. पण गोधडीवर फिरणारे ते हात आत्याच्या हातात शांत पडून राहिले.

विनीत तडक हॉटेलाच्या मागे निघून गेला. दमयंती गेली, तेव्हा तो विहिरीच्या कठड्याला टेकून उभा होता, डोळे लाल झाले होते.

“आई उगाच...” एवढंच तो म्हणाला.

ती त्याच्याशेजारी टेकली. हात लावला नाही, पण कोपर त्याच्या कोपराला लागलं आणि तिनं ते काढलं नाही. सड्यावरून थंड वारा येत होता.

“तू मुंबईला जाणार म्हणालीस ना,” थोड्या वेळानं तो म्हणाला, “त्या रात्री मी जेवलो नाही.”

“बाबाही जेवले नव्हते. एका थापेत दोघांना उपाशी ठेवलं मी.” मग तिच्या ध्यानात आलं. “आणि ‘तू’ कधीपासून?”

“मनात पहिल्या चहापासून. बिनसाखरेच्या.” त्यानं तिच्याकडे वळून पाहिलं. “दमयंती, मला तू आवडतेस. तुझं हॉटेल चालो न चालो, तू हवी आहेस. तुझं काय?”

हा आत्ता हळवा झालाय म्हणून बोलतोय का, उद्या असाच बोलेल का, बाबांना आणि ह्याच्या वडिलांना एकत्र कसं सांभाळायचं... सगळे प्रश्न रांगेनं येऊन उभे राहिले. तिनं त्यांना उभंच ठेवलं.

“मला संशय येतो,” ती म्हणाली. “पुढेही येईल. मी विचारत राहीन, कुठे होतास, गप्प का आहेस.”

“विचार.”

“आणि लाज वाटली तरी सांगायचं.”

“सांगेन.”

“मग... मलाही आवडतोस.” एवढं म्हणून ती लाल झाली आणि तोंड फिरवून विहिरीत बघत बसली.

पुढून गंगारामनी हाक मारली. महिपतना भूक लागली होती आणि ते कुणाच्याही हातनं जेवायला तयार नव्हते. दमयंती पदर खोचून धावली. तिनं उसळीत पाव बुडवून घास पुढे केला, आणि म्हाताऱ्यानं तिच्याकडे बराच वेळ निरखून बघून तोंड उघडलं.