एक घर सरकलं

त्याने कोंबड्यांच्या खुराड्याची मीटरभर जाळी मागितली आणि वर विचारलं, सगळी घरं षटकोनीच आहेत ना?

"दोन गोल ठेवलीत," मी म्हटलं, "खास तुमच्यासाठी."

तो हसला नाही, शोधायलाच लागला. मामाने माझ्याकडे डोळे वटारले. दुकान मामाचं, तोंड माझं. एकोणीस वर्षांत ते कुणाला आवरलं नाही. शाळेलाही नाही, नववीतच सोडली.

तो संशोधक निघाला. काम कार्बनच्या नळ्यांवर, इतक्या बारीक, की केस त्यांच्यापुढे ओंडका. जाळीतून त्याला त्यांचा मोठा नमुना करायचा होता. जाळी तीच, पण गुंडाळता कशी, यावर सगळं, असं तो सांगत होता. अशी सरळ गुंडाळली तर वीज धातूसारखी सुळकन जाते. एक घर सरकून तिरकी झाली, की वीज अडते... आधी थोडी ऊर्जा द्यावी लागते. बोलताना त्याचे कान लाल होत होते.

मग तो तीनदा आला, अर्धा-अर्धा मीटर जाळी न्यायला. शेवटी नळी मीच गुंडाळून तारेने शिवून दिली. मुलाखतीत ती दाखवून, समजावून त्याला कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळवायची होती.

मुलाखतीच्या सकाळी त्याने नळीचा फोटो पाठवला. खाली पाटी – 'धातूसारखी'. शिवण बघितली, फोटो मोठा करून परत बघितली. शिवताना मी त्याचे कान बघत बसले होते... एक घर सरकलं होतं.

सांगावं तर म्हणणार, शाळा सोडलेल्या पोरीकडून दुसरं काय होणार. न सांगावं तर त्याची नोकरी जाणार. मामाची सायकल घेतली आणि सुटले.

कॉलेजच्या दारातच तो भेटला. एका दमात सांगून टाकलं. त्याने घरं मोजली, परत मोजली. कान पांढरे.

"नंतर रागवा," मी म्हटलं. "उसवायला वेळ नाही. पाटी बदला."

"हे तुम्हाला... माझ्या बडबडीतून कळलं?"

"मग काय, मामाच्या?"

पाटी खोडून तो आत गेला. मी पायरीवर नखं खात बसले.

बाहेर आला तो हसतच. सगळ्यांनी त्या सरकलेल्या घराबद्दलच विचारलं म्हणे, नोकरी पक्की. मग उगाच उभा राहिला.

"ती जाळी... मला एवढी लागतच नव्हती. तिन्ही वेळा."

"माहितीये. कोंबड्या थोड्याच पाळल्यात तुम्ही."

"मी पण असलाच... तिरका. अडतो."

म्हणजे ऊर्जा मीच द्यायची तर. नळी त्याच्या हातातून काढून काखोटीला मारली.

"उद्या ये," मी म्हटलं. "जाळी मिळणार नाही."

त्याचे कान... बघत राहावेत असे.