राखाडी तास

मत्स्यकेंद्राच्या दारात एक लाकडी बाक होता आणि आत जाण्याआधी प्रत्येकाने त्यावर दहा मिनिटं बसायचं असा दंडक होता. श्वास जागेवर आणायचा, पाणी प्यायचं, काही डोक्यात घोळत असेल तर ते खाली बसू द्यायचं आणि मगच आत. हेमांगी चार वर्षांच्या जुईला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी एक जोडपं होतं. नवरा काहीतरी पुटपुटला, तशी बायको ओठ न हलवता म्हणाली, "आत मासे आहेत. घरी गेल्यावर बोलू."

"घरी पण मासेच आहेत," नवरा म्हणाला.

मिरजेत काय, साऱ्या राज्यात ज्या घरात सहा वर्षांखालचं मूल होतं, त्या घरात मासे होते. शंभर लिटरची काचेची टाकी आणि तिच्यात बारा साक्षीमासे. नाव सरकारी, पण मासे मुळात साधेच, बोटाच्या दोन पेरांएवढे प्लॅटी. फरक एवढाच की त्यांच्या नाकात प्रयोगशाळेत एक नवं जनुक बसवलेलं होतं. माणूस रागावला, घाबरला, आतून पिळवटला की त्याच्या श्वासात आणि घामात काही द्रव्यं उतरतात. आपल्या नाकाला ती कळत नाहीत. पण टाकीचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात बुडबुडे सोडत असतो. त्या बुडबुड्यांबरोबर ही द्रव्यं पाण्यात जातात आणि माशाला त्यांचा वास येतो. वास आला की माशाच्या कातडीतल्या रंगपेशींमधले कण आक्रसून एका ठिपक्यात गोळा होतात आणि दहा मिनिटांत लालबुंद मासा राखाडी होऊन जातो. घर निवल्यावर दोनेक तासांनी रंग परत येतो.

टाकीच्या झाकणाला रंगमापक असे आणि तो राखाडी तास मोजत राही. सरकारी पर्यवेक्षक घरी येऊन तो आकडा नोंदवून नेत. महिन्याला तीस तासांच्या आत राहिलं तर घर निकोप. त्यापुढे गेलं तर मूल सोमवार ते शनिवार सरकारी बालछत्रात, आणि रविवारी तेवढं घरी.

कायदा कुणी वाईट हेतूने केलेला नव्हता. बंद दारांआड मार खाणारी कितीतरी पोरं या माशांनीच सोडवली होती. त्यामुळे त्याविरुद्ध बोलायला कुणाची जीभ रेटत नसे. लोक बोलण्याऐवजी चिमटा वापरत. साधा कपडे वाळत घालायचा चिमटा हवेच्या नळीला लावला की बुडबुडे बंद. मग काय भांडायचं ते भांडून घ्यायचं, रडायचं ते रडून घ्यायचं, खिडक्या उघडायच्या आणि अर्ध्या तासाने चिमटा काढायचा. हेमांगीच्या इमारतीत सगळी घरं हेच करत.

दोन महिन्यांपूर्वी तिचे सासरे, जुईचे आबा, गेले. नियमात शोकाची सूट दहा दिवसांची होती. तेरावा दिवस तिच्यात बसत नव्हता. त्या दिवशी माणसांनी घर भरलं म्हणून तिने सकाळीच नळीला चिमटा लावला आणि पानं वाढण्याच्या गडबडीत तो काढायचा राहून गेला. संध्याकाळी बारा मासे कुशीवर तरंगत होते. रंग मात्र एकाचाही उतरलेला नव्हता.

मासे मेले तर घराला एकदाच नवे मिळत. आता ही दुसरी आणि शेवटची संधी. गेले तीन आठवडे हेमांगीने टाकी नव्याने लावली होती. जुईने बादलीत हात घालून रेती धुतली, पाणी नितळ होईपर्यंत सात वेळा. हीटर सव्वीस अंशांवर, मागे व्हॅलिस्नेरिया या पाणगवताची लांब पात, पुढे एक फुटकी कुंडी आडवी, माशांना लपायला. पाण्यात चांगले जिवाणू वाढेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर माशांची घाण माशांनाच मारते. जुईला हे समजावताना ती म्हणाली होती, लोणच्यासारखं पाणीही मुरू द्यावं लागतं.

आत डॉ. शमीम इनामदार टाक्यांमधून जाळी घेऊन फिरत होत्या. साक्षीमासा पहिल्यांदा घडवला तो त्यांनीच. आता साठी जवळ आली होती आणि त्या इथे मासे वाटपाचं काम बघत होत्या.

"या जुईबाई. कुठला रंग?"

"लाल. आणि पिवळा. आणि काळ्या शेपटीचा, पण तो एकटा नको, त्याला मैत्रीण पाहिजे."

"होय की. एका नराला दोन-तीन माद्या बऱ्या असतात. नाहीतर तो बिचारीला पळवून पळवून दमवतो."

जुई काचेपाशी गेल्यावर हेमांगीने आवाज खाली आणला. "मॅडम, आमचे मिस्टर, विनायक, म्हणत होते की तुमच्याकडे मागच्या खोलीत वेगळे मासे आहेत."

डॉक्टरांनी जाळी खाली ठेवली. "आंधळे म्हणतेस का? आहेत. त्यांचं जनुक काम करत नाही. घरात आग लागली तरी ते लालच राहतात. चुकून निपजले, टाकून द्यायला हवे होते. मी टाकले नाहीत."

"मला ते द्या. दुसऱ्यांदा चुकलं तर पोरगी जाईल माझी."

"देते. पण एक सांग, घरात कोण मारतं का?"

"कोण मारणार? आबा गेल्यापासून मी फक्त..." ती थांबली. या खोलीत पुढचं वाक्य उच्चारायची सोय नव्हती.

"माशाला त्यातलं काही कळत नाही बघ," डॉक्टर म्हणाल्या. "राग, भीती, दुःख, द्रव्य एकच. मार खाणारं घर आणि आजोबा आठवणारं घर त्याला सारखंच. आम्ही हा मासा दवाखान्यासाठी केला होता, वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी. त्यांना रडायची ताकद नसते ना. दुखतंय हे कळायचं कसं? पेटीशेजारी मासा ठेवला की कळायचं आणि नर्स धावायची. मासा राखाडी झाला म्हणजे कुणीतरी त्या बाळाला उचलून घ्यावं, एवढाच त्याचा अर्थ होता. पुढे त्यावरून कुणी घरांना गुण द्यायला लागेल, हे मला सुचलं नाही. सुचायला हवं होतं."

हेमांगीचं लक्ष जुईकडे गेलं. काचेपलीकडच्या एका माशाची शेपटी कुरतडलेली होती. जुईचा चेहरा क्षणभर कसनुसा झाला. लगेच तिने दोन्ही हातांनी आपले गाल वर ढकलले, नाकाने खोल श्वास घेतला, चार आकडे मोजले आणि हसरं तोंड करून पुन्हा काचेकडे वळली. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिने ते घरात पाहिलं होतं.

आंधळे मासे नेले तर पर्यवेक्षक फसेल, रंगमापक फसेल. पण चार वर्षांच्या मुलीला हे गुपित सांगता येणार नव्हतं. उद्या बालवाडीत ती ते सगळ्यांना सांगून मोकळी होईल. म्हणजे सांगायचं नाही, आणि तिने आपलं रोज खोट्या माशांसमोर गाल वर ढकलत मोठं व्हायचं.

"मॅडम, नको," हेमांगी म्हणाली. "डोळस द्या."

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि बारा मासे पिशव्यांत भरले.

घरी जुईने पिशव्या टाकीत तरंगत सोडल्या, पाव तास, आतलं आणि बाहेरचं पाणी सारख्या उबेचं होईपर्यंत. मग एकेक मासा मोकळा झाला. काळ्या शेपटीचा थेट कुंडीत जाऊन बसला.

"आंधळेच आणायचे ठरलं होतं ना आपलं?" विनायक दारातूनच म्हणाला.

"ठरलं होतं."

"मग?"

"मग नाही आणले."

"तू जुईला पणाला लावतीयेस, हेमा."

"लावून झालंय रे. आपण दोघांनी. आधीच."

शुक्रवारी दुपारी कपाट आवरताना आबांचा मफलर हाताला लागला. त्याला अजून तपकिरीचा वास होता. हेमांगीचे डोळे भरले आणि मागून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. जुई खुर्चीवर चढून हवेच्या नळीपर्यंत पोचली होती. हातात चिमटा.

"आई, थांब. आत्ता नको. एक मिनिट." तिने जीभ बाहेर काढून दोन्ही हातांनी चिमटा दाबला, बुडबुडे थांबल्याची खात्री केली आणि वळून समजूतदारपणे म्हणाली, "हं. आता रड."

हेमांगीने चिमटा काढला, खिडकीबाहेर फेकला. मग दोरीवरचे, टोपलीतले, बाथरूममधले सगळे चिमटे गोळा करून तेही फेकले. खालून जोशीकाकू ओरडल्या, "अगं, काय पाऊस पाडतीयेस चिमट्यांचा?"

"लागतील त्यांना घेऊन टाका काकू," ती वरून म्हणाली. "आम्हाला नकोत."

आबांचा फोटो दोन महिने कपाटात पालथा होता. तो तिने टाकीच्या बरोबर वरच्या खिळ्यावर लावला. आणि जेवताना ती आबांबद्दल बोलली. ते चहा बशीत ओतून प्यायचे त्याबद्दल, शेवटच्या रात्री त्यांनी जुईला बोलवा म्हटलं आणि ती झोपलीये म्हणून आपण उठवलं नाही, त्याबद्दलही. विनायकचा घास हातातच राहिला. टाकीतले बारा मासे एकामागून एक विझत राखाडी होत गेले.

मंगळवारी पर्यवेक्षक लोंढेबाई आल्या. त्यांनी झाकणावरचा आकडा वाचला आणि चष्मा वर केला.

"चार दिवसांत एकोणीस तास. ताई, काय चाललंय घरात?"

"सासरे गेले."

"त्याला दोन महिने झाले."

"हो. तरी गेलेलेच आहेत."

लोंढेबाई बाई म्हणून वाईट नव्हत्या. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. "असं करा, फोटो आत ठेवा. मी आज आलेच नाही असं समजते. पुढच्या आठवड्यात येते. अकरा तासच उरलेत हो. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"फोटो तिथेच राहील. तुम्ही एकोणीस लिहा. उद्या वाढतील, तेही लिहा. आणि कारणाच्या रकान्यात माणूस गेला असं लिहा."

"कारणाचा रकाना नसतो त्यात."

"मग समासात लिहा."

लोंढेबाईंचा हात थांबला. हेमांगीने विचारलं, "बालछत्रात टाक्या आहेत?"

"आहेत की. मोठ्या."

"दोनशे मुलं, आयांपासून तोडलेली. मासे कसे असतात तिथले?"

"लाल." लोंढेबाईंनी नजर टाकीकडे वळवली. "कायमच लाल. ते कुठून आणतात, ते मला विचारू नका."

"नाही विचारत. पण मी अर्ज करणार आहे. ते मासे माझ्या घरात आणून ठेवा आणि माझे तिकडे न्या, म्हणून. महिनाभर. मग कुठलं घर निकोप ते बघू."

लोंढेबाईंनी लेखणी उचलली. मग त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. जुई फोटोखाली उभी होती. तोंड उघडं, खांदे गदगदत होते, गालांवरून पाणी वाहून गळ्यापर्यंत आलेलं. आवाज मात्र कसलाच नव्हता. पंपाचे बुडबुडे तेवढे ऐकू येत होते.

"रडतीये का ती?" लोंढेबाईंनी हळूच विचारलं.

"हो. तिला एवढंच येतं."

हेमांगी तिच्यासमोर उकिडवी बसली. "जुई, असं नाही. आवाज काढायचा."

जुईने मान हलवली. बोट टाकीकडे केलं.

"होऊ देत त्यांना काय व्हायचं ते. बघ माझ्याकडे. पोटातून श्वास घ्यायचा आणि सोडून द्यायचा. असं." आणि ती रडली. गळा मोकळा करून, भिंतीपलीकडे, जिन्यात, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं. दोन महिन्यांचं साठलेलं होतं, शिकवायला कमी पडलं नाही. लोंढेबाईंची लेखणी कागदावर टेकून तशीच राहिली. टाकीत शेवटचा पिवळा मासाही राखाडी झाला.

जुई आईच्या तोंडाकडे बारकाईने बघत होती, चपलेचा बंद बांधायला शिकताना बघायची तशी. मग तिने पोट फुगवलं, तोंड उघडलं आणि तिच्या घशातून एक छोटासा, चिरका, अनोळखी आवाज निघाला. ती दचकून थांबली.

"बरोबर?" तिने विचारलं.

"बरोबर," हेमांगी म्हणाली. "अजून मोठ्याने."