चौथं मशीन

ऑफिसात तिला सगळे दुर्बीण म्हणायचे. इतरांच्या नजरेतून सुटलेली चूक ती हटकून पकडायची, आणि पकडली की ताटात केस सापडल्यासारखं नाक मुरडायची. आळसाने लिहिलेला कोड तिला चक्क घाण वाटायचा. हे स्वच्छतेचं वेड आईकडून आलेलं. ती आई सध्या हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर होती, पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन होऊन. तिथली कॉम्प्युटर यंत्रणा ऑफिसनेच बसवलेली. त्यामुळे त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, मशीनच्या खोलीत, दुर्बीण सकाळपासून एका बिघाडामागे हात धुऊन लागली होती. आईच्या बेडजवळच्या स्क्रीनवर आईची नव्हे, दुसऱ्याच कुणाची औषधं दिसत होती.

ती औषधं होती त्याच बेडवर मागच्या आठवड्यात वारलेल्या एका आजोबांची. मधुमेहाने त्यांचा पाय सडला होता. जेवणाआधीचं त्यांचं इन्सुलिन अजून लाल अक्षरांत झळकत होतं. आईला मधुमेह नव्हता. ते इंजेक्शन गेलं असतं तर आई उठलीच नसती.

"मी नाही देणार हो, ताई," सिस्टर म्हणाली होती. "पण दुपारी माझी ड्युटी संपते. पुढची येईल ती स्क्रीनवर दिसेल तेच देणार."

बिघाड तसा सरळ वाटत होता. हॉस्पिटलच्या नोंदींच्या मोठ्या साठ्याकडे दर वेळी धावायला नको म्हणून तीन मशीनं रुग्णांची माहिती हाताशी धरून ठेवत आणि एकमेकांना कळवत. किती वेळ धरायची आणि कधी विसरायची, हे सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलेलं असे. पण ती फाइल ठरल्या जागी सापडली नाही, तर हे काम सांभाळणारी लायब्ररी, म्हणजे बाहेरून आणलेला तयार कोड, ओरडत नसे. गुपचूप स्वतःच्या पोटातली फाइल वाचून कामाला लागे, आणि त्या फाइलीत विसरण्याचं नावच नव्हतं.

"ही मशीनं तूच उभी केलीस ना रे?" तिने शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला विचारलं. त्याचं नाव ऑफिसात कॉपीबहाद्दर पडलं होतं.

"उभी कसली? जुन्या मशीनचं फोल्डर उचललं आणि तिन्हींवर टाकलं. चालत होतं की!"

"फाइलचा पत्ताही जुन्या मशीनचाच राहिलाय. शी! निदान एकदा उघडून तरी बघायचं."

तिने पत्ता दुरुस्त केला. तिन्ही मशीनं बंद करून पुन्हा चालू केली. वरून सिस्टरचा निरोप आला, स्क्रीनवर आजोबा अजून आहेतच.

मग तिने लायब्ररीलाच विचारलं, बाई, तू नेमकं वाचतेस तरी कुठून? लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, एक ओळ उमटली. सेटिंग चौथ्या सदस्याकडून घेतली.

आधीपासून जागं असलेलं मशीन नव्याने उठलेल्याला आपली सेटिंग देतं, हे तिला ठाऊक होतं. पण जागं कोण होतं?

"मशीनं तीनच आहेत ना?"

"तीनच. चौथं ठेवायला जागा कुठंय इथे?" कॉपीबहाद्दरचा आवाज उतरला होता.

तेवढ्यात सिस्टरचा फोन आला. "ताई, जरा वर येऊन जा."

आई बेडवर पाय दुमडून बसली होती. डाव्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात नख घालून खाजवत होती. मग तिने ते बोट नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि सावकाश हुंगलं. ही तिची आई? कुणी बाहेरून आलं की आधी हात धुवायला पिटाळणारी?

"आई! काय करतेस हे?"

"बरं वाटतं," आई म्हणाली. आवाज जाड होता.

"आजोबा असंच करायचे," सिस्टर हळूच म्हणाली. "बँडेज सोडवून."

दुर्बीण धावतच खाली आली. नेटवर्कच्या पेटीत तीन तारा असायला हव्या होत्या. चौथ्या भोकाचाही दिवा लुकलुकत होता. त्यातली पिवळी तार भिंतीतून पलीकडे गेली होती.

पलीकडे मळक्या चादरींची खोली होती. दार उघडताच घाण वास अंगावर आला, पूचा आणि शिळ्या लघवीचा. नाकाला ओढणी लावून तिने चादरींचा ढीग पायाने बाजूला सारला. तार ढिगाखालून मोरीच्या जाळीत शिरली होती.

तिने तार ओढली. तार ताणली गेली, मग पलीकडून सैल सुटली.

टोकाला मशीन नव्हतं. प्लगही नव्हता. पिवळं वेष्टण पुढे पुढे मऊ होत गेलं होतं आणि शेवटी नुसतीच कातडी होती. कोमट, ओलसर. तिच्यावर पांढरे केस होते आणि टोकाला जाड, पिवळं नख.

ते तिच्या तळहाताला चिकटलं. तिने हात झटकला आणि तिथेच ओकली.

परत येऊन तिने तार पेटीतून उपटली. दिवा विझला.

लॉगमध्ये ओळ आली. चौथा सदस्य बाहेर पडला. तिन्ही मशीनं तिने पुन्हा उठवली. तिघांनी निमूटपणे तिची फाइल वाचली.

तिने साबणाने हात पुन्हा पुन्हा धुतले, कातडी लाल होईपर्यंत. मग वर गेली.

स्क्रीनवर आईचं नाव होतं, आईची औषधं होती. इन्सुलिनची लाल ओळ नाहीशी झाली होती. आई उशीला टेकून ओल्या रुमालाने हात पुसत होती.

"चांगला साबण आण गं येताना. इथला नुसता पाणचट आहे."

आवाज तिचाच होता. दुर्बिणीला रडूच कोसळलं. ती खुर्ची ओढून जवळ बसली आणि आई सुनेच्या, शेजारणीच्या, हॉस्पिटलच्या चहाच्या तक्रारी सांगत राहिली. ऐकायला किती छान वाटत होतं.

बोलता बोलता आई थांबली. तिचा चेहरा वाकडा झाला.

"शी! हात खाली घे आधी. काय हुंगतेस ते?"

दुर्बिणीने पाहिलं. तिची बोटं नाकाशी होती.

वास त्या खोलीतलाच होता. त्याची किळस मात्र येत नव्हती.