ओतून दिलेलं पातेलं

"बसते हं मी इथंच!" कासिल्दाबाईंनी वेताची खुर्ची ओढली आणि त्या गॅसच्या समोर अशा ठाण मांडून बसल्या, की नेरेइदाला मिठाच्या बरणीकडे जायचं तरी त्यांना वळसा घालावा लागावा. "लेकीनं त्यासाठीच बोलावलंय मला. तुझा हात कुठं जातो, काय उचलतो, पातेल्यात काय पडतं... सगळं डोळ्यांनी बघायचं म्हणाली."

"बघा की, विहीणबाई. माझ्या स्वयंपाकाला कधी पडदा नव्हता," नेरेइदा म्हणाली. पण आपला आवाज कापतोय, हे तिचं तिलाच ऐकू आलं.

रविवार होता. आसुआ गावातल्या त्या बुटक्या, पत्र्याच्या घरात वारा म्हणून नव्हता. परातीत कोंबडीच्या मांड्या हाडासकट पडल्या होत्या, आंबट संत्र्याच्या रसानं धुतलेल्या, लसूण-मीठ-ओरेगानो चोळलेल्या. आणि दाराशी... दाराशी नेरेइदाच्या कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली होती. तिच्या भावजयीनं, कासिल्दाबाईंच्या लेकीनं याहायरानं, ती सकाळीच भरली होती. जिला अजून जा म्हटलेलं नाही, तिची पिशवी आधी भरायची! याहून अपमान तो कोणता?

ठरलं होतं ते असं. आज नेरेइदानं सगळ्यांच्या देखत रांधायचं. त्यातली पहिली मांडी लिसबेलच्या ताटात पडायची. पोर धडधाकट राहिली, तर नेरेइदा या घरात राहील. पोरीला काही झालं, तर मिळेल त्या पहिल्या मिनीबसनं डोंगरात, पेराल्त्याला, चुलत बहिणीकडे... कायमची. ज्या भावाला आईमागं या दोन हातांनी भरवून मोठा केला, त्या ओविदिओनंच खाली मान घालून हे सांगितलं होतं. "ताई, माझा इलाज नाही गं. ती म्हणते, ताई तरी राहतील नाहीतर मी."

लिसबेल, ओविदिओची तीन वर्षांची लेक, नेरेइदाच्या काळजाचा तुकडा! मागच्या महिन्यात घरची सगळी चर्चला गेली असताना "आत्या, भूक!" म्हणून तिनं झगा ओढला, आणि नेरेइदानं शिजलेली मांडी हाडावरून सोडवून तिला भरवली. संध्याकाळपर्यंत पोरीचे डोळे पांढरे झाले. इस्पितळ, सलाइन, नवस... पोर वाचली ती देवाच्या कृपेनं. पण परतल्यावर याहायरानं झाकण उघडलं, आणि उरलेलं कालवण तिनं नेरेइदाच्या तोंडासमोर धरलं.

"याला घाण सुटलीय! गल्लीच्या टोकाला येतेय ती! आणि वन्सं, तुम्हाला नाही आली? आंधळ्यालासुद्धा कळलं असतं हे! जाणूनबुजून घातलंत माझ्या पोरीला... स्वतःची कूस उजवली नाही म्हणून माझ्या कुशीवर डोळा?"

बाई गं! असे शब्द ऐकून दगडाला पाझर फुटावा. नेरेइदा मात्र भिंतीला टेकून नुसती उभी राहिली. कारण एका वाक्यात सगळं संपलं असतं, आणि तेच वाक्य तिनं गिळलं होतं.

नेरेइदाला वास येत नव्हता. कसलाच नाही. तीन वर्षांपूर्वी गावात साथीचा ताप आला, आणि त्या तापातच याहायराचे दिवस भरले. बाळ जन्मताच सुईणीनं ते कापडात गुंडाळून शेजारी नेलं. ओविदिओला डॉक्टरांनी गल्लीबाहेर ठेवलं, आत कोण आहे ते त्याला कधी कळलंच नाही. याहायराची आई, कासिल्दाबाई, दारापर्यंत आल्या, आतलं कण्हणं ऐकलं, आणि त्यांचे पाय उंबऱ्यातच खिळले. त्या मागं फिरल्या. आत गेली ती नेरेइदा. तापाच्या भरात याहायरा तिचा हात धरून पुटपुटायची, "आई, तू आलीस?" आणि नेरेइदा म्हणायची, "आले गं माझी बाय. इथंच आहे." पुढं नेरेइदाही तापली, उठली, पण नाक गेलं ते गेलंच. बरी झाल्यावर याहायरा जिला तिला सांगायची, "माझी आई! मरणाच्या दारात माझ्या उशाशी बसून होती!" कासिल्दाबाई मान खाली घालायच्या, नेरेइदाही घालायची. नाक गेल्याचं सांगावं, तर कुठं आणि कशानं गेलं तेही सांगावं लागणार... आणि याहायराच्या मनातली आई मोडणार. आधीच जिनं माहेर म्हणून एवढंच एक सुख जपलंय, तिचं ते कसं हिसकावायचं?

शिवाय खरं सांगायचं तर अभिमानही होता. सबंध आळीत नेरेइदाच्या हाताचं नाव होतं. मीठ-तिखट जिभेला कळे, साखरेचा रंग डोळ्यांना कळे, तेलाचा आवाज कानांना. आणि वास? तो ती माणसांच्या चेहऱ्यांवरून वाचायला शिकली होती. कुणाच्या नाकपुड्या फुलल्या, कुणी नाक मुरडलं, कुणी 'अहाहा' म्हणत दारातून डोकावलं... एवढ्यावर तिनं तीन वर्षं रेटली. मागच्या महिन्यात त्या एका दिवशी मात्र वाचायला घरात कुणी मोठं माणूसच नव्हतं.

आणि काल रात्री पुन्हा लाइट गेली होती, त्या वेळी गेली होती तशीच...

पहाटे ती उठली तेव्हा फ्रिजखाली पाणी साचलं होतं. मांड्या गार होत्या की नुसत्याच ओल्या, तेच कळेना. तिनं बोटानं चाचपून पाहिलं, उजेडात नेऊन पाहिलं. कातडी चिकट नव्हती, रंगही ठीक वाटला. पण मागच्या वेळीही ठीकच वाटला होता ना! कुणाला म्हणावं, जरा हुंगून बघा? म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. तिनं छातीवर क्रुसाची खूण केली, आणि आंबट संत्री चिरायला घेतली.

जाड बुडाचं पातेलं तापलं. तेल, त्यावर चमचाभर साखर. आमच्याकडे कोंबडीला रंग येतो तो या जळत्या साखरेनं, आणि सगळी मेख त्या एका क्षणात असते. क्षणभर आधी मांस टाकलं तर कालवण फिकट नि गुळमट, क्षणभर उशीर झाला तर कडू जहर! साखर विरघळली, मधासारखी झाली, कडेनं फेसाळली, काळसर लाल झाली... नेरेइदानं मांड्या कातडीकडून आत सोडल्या. चर्रर्र करून तेल उसळलं. हात भाजला, पण तिनं तो मागं घेतला नाही.

"जळलं का काही?" कासिल्दाबाईंनी विचारलं.

नेरेइदानं झटकन त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड कोरडं होतं, ओठ मिटलेले. काही वाचता येईना. "नाही, विहीणबाई. साखरेचा रंग आहे तो."

मांड्या उलटल्या. कांदा पडला, ढोबळी मिरची पडली, भांडंभर पाणी पडलं. झाकण ठेवून तिनं आच कमी केली. बाहेरच्या खोलीत लिसबेल बाहुलीशी बोलत होती. याहायरा ताट मांडत होती. त्या ताटाचा प्रत्येक आवाज नेरेइदाच्या छातीवर पडत होता. कुठलीतरी अनामिक भीती त्या स्वयंपाकघरात दबा धरून बसली होती!

हाडाशी मांस शिजायला वेळ लागतो. नेरेइदानं घाई केली नाही. झाकण काढून तिनं काट्यानं टोचलं, हाडाशी स्वच्छ रस आला. वाफ भसकन वर आली आणि कासिल्दाबाईंच्या अंगावर गेली.

आणि कासिल्दाबाईंनी रुमाल नाकाला लावला.

नुसता लावला नाही. घट्ट दाबला. डोळे मिटले, मान फिरवली, आणि खांदे गदगदले... ओकारी यावी तसे!

नेरेइदाच्या हातातला काटा गळून पडला. नासलंय! पुन्हा नासलंय! आणि मी हे लिसबेलला... माझ्या या हातांनी... पुन्हा?

"आत्या, मांडी झाली?" दारातून लिसबेलनं विचारलं.

"आणा, वन्सं, ताट तयार आहे," मागून याहायरा म्हणाली. तो आवाज थंडगार होता.

याहायराला सांगायचं तरी काय होतं? 'वास घे गं जरा' एवढंच ना? पण समोर कासिल्दाबाई बसलेल्या, रुमालाआड तोंड लपवून. नेरेइदानं फडक्यांनी पातेल्याचे कान धरले, मागचं दार पायानं ढकललं, आणि सगळंच्या सगळं कालवण केळीच्या आळ्यात उपडं केलं.

घरातून एकच किंकाळी उठली.

"पाहिलंत? पाहिलंत ना?" याहायरा धावत बाहेर आली, मागोमाग ओविदिओ. "आई समोर बसली म्हणून घाबरली! विष असणार त्यात, विष! मी ओरडून ओरडून सांगत होते, तर मीच वाईट!"

"ताई... हे काय केलंस तू?" ओविदिओचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नासलेलं होतं," नेरेइदा हळूच म्हणाली.

"नासलेलं? थांबा, आता सगळ्या आळीला दाखवते!" याहायरानं वाकून मातीतली एक मांडी उचलली, नवऱ्याच्या नाकाशी धरण्याआधी स्वतःच्या नाकाशी नेली... आणि ती थबकली. पुन्हा हुंगली. बोटानं दाबलं तर मांस हाडावरून अलगद सुटलं. माती झटकून तिनं एक कण जिभेवर ठेवला.

"हे तर... चांगलं आहे," ती पुटपुटली. "झकास झालंय. ओविदिओ, हे अगदी चांगलं आहे!" आणि मग तिचा संताप दुप्पट उसळला. "म्हणजे माझ्या पोरीच्या तोंडात पडू नये म्हणून चांगलं अन्न मातीत घातलंत? एवढा द्वेष?"

चांगलं होतं! राहण्याचा परवाना शिजून पातेल्यात तयार होता, आणि तो आपण आपल्याच हातानं...

"ताई, पिशवी घे," ओविदिओ म्हणाला. त्याला रडू फुटलं होतं.

तिनं घेतली. लिसबेलकडे तिनं पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर पाय उचलला नसता.

"थांब गं!" स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. कासिल्दाबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. रुमाल चिंब होता. "नेरेइदा, तुला वाटलं मला घाण आली? अगं वेडे, मी रडत होते! सकाळपासून तुझ्यावर पहारा द्यायला बसवलंय मला... मला! आणि तू पाठमोरी उभी, त्या तापात आत जाताना दिसली होतीस तश्शी. मला बघवेना, म्हणून तोंड झाकलं." त्या थांबल्या. "तुला वास येत नाही ना? त्या तापापासूनच?"

"काहीतरी काय बोलता, विहीणबाई!" नेरेइदा घाईघाईनं म्हणाली. "याहायरा, ऐकू नकोस. ऊन लागलंय त्यांना. तुझ्या उशाशी तुझी आईच होती, मी स्वतः पाहिलंय..."

"खोटं बोलू नकोस माझ्यासाठी! बास झालं आता!" कासिल्दाबाई किंचाळल्या. "पोरी, मी नव्हते गं तुझ्या उशाशी. मी दारातून पळाले. मरणाला भ्यायले मी! तू जिला आई म्हणत होतीस, ती ही होती. आणि हिनं मला तीन वर्षं तुझी आई राहू दिलं..."

याहायराच्या हातातून हाड खाली पडलं. ती कधी आईकडे, कधी नणंदेकडे बघत राहिली. मग वळली, लिसबेलला उचलून घेऊन आली आणि तिचं डोकं तिनं नेरेइदाच्या नाकाशी नेलं.

"सांगा, वन्सं. हिच्या केसांना कसला वास येतोय?"

नेरेइदानं सवयीनं याहायराच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर अश्रूंशिवाय वाचण्यासारखं काही नव्हतं.

"साबणाचा," ती चाचरत म्हणाली.

"आज आंघोळच घातली नाहीये तिला!" याहायरा लेकीला खाली ठेवून मटकन बसली आणि तिनं नेरेइदाच्या गुडघ्यांना मिठी मारली. "जन्मल्यापासून तुम्ही हिला कुशीत घेऊन निजवता... आणि माझ्या लेकराचा वास तुम्हाला एकदाही आला नाही? एकदाही? माझ्यामुळं? का बोलला नाहीत हो? मी विष म्हटलं, तरी का बोलला नाहीत?"

ओविदिओनं बहिणीच्या हातातून पिशवी काढून घेतली. नेरेइदा पायरीवर बसली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच सगळ्यांसमोर हमसून हमसून रडली. लिसबेलनं इवल्या हातांनी तिचे गाल पुसले.

"तुला येतो ना हिचा वास?" नेरेइदानं भीतभीत विचारलं. "मग मला सांग ना गं... कशी आहे ती?"

याहायरानं लेकीच्या मानेत तोंड खुपसलं, खोल श्वास घेतला. "मानेपाशी घामट आहे," ती हुंदके आवरत म्हणाली. "ऊन लागलेल्या चादरीसारखी. आणि कानामागं... कानामागं अजून दुधाचा वास येतो, वन्सं."

नेरेइदानं डोळे मिटले, पोरीला छातीशी धरलं.

"सांग," ती म्हणाली. "अजून सांग."