म्हसोबाच्या वळणावरची लाट

शर्वरी आत्याचं लग्न झालं ते साल दोन हजार सत्तेचाळीस. माघ महिना, मुहूर्त सकाळचा, आणि नवरीची गाडी सोनवडीच्या घाटात अडकलेली. तिकडे मांडवात लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामानं भिजल्या, भटजींचा दोनदा चहा झाला, तरी नवरीचा पत्ता नाही. शेवटी लग्न लागलं ते गोरज मुहूर्तावर.

दहा वर्षांची कृत्तिका आत्याच्या शेजारीच बसली होती. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. एकदाची ती म्हसोबाच्या वळणावर पोचली आणि पुढचा रस्ता एकदम मोकळा! अपघात नाही, खड्डा नाही, पडलेली दरड नाही, मेंढरांचा कळपही नाही.

"आबा, मग आपण अडकलो कशाला? पुढं तर काहीच नव्हतं!"

आबा म्हणजे पुढच्या सीटवर बसलेले तिचे आजोबा, डॉ. दिनकर लवटे. रस्त्यावरच्या रहदारीचा अभ्यास करण्यात त्यांची हयात गेली होती. ते म्हणाले, "तेच तर कोडं आहे, पोरी. कोंडी आहे, पण कोंडणारा दिसत नाही."

लग्नाची हळद उतरते न उतरते तोच गावात बातमी आली. घाटाचा रस्ता रुंद करायचा, आणि त्यासाठी पायथ्याच्या शाळेचं मैदान घ्यायचं. कृत्तिका तडक आबांकडे धावली. त्याच मैदानावर तिचं लेझीम पथक खेळायचं. जिल्ह्यात सलग तीन वर्षं पहिलं आलेलं पथक!

आबा तिला घेऊन जिल्हाधिकारी तडवी मॅडमना भेटायला गेले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, मैदान घ्यायची मलाही हौस नाही. पण घाटात रुग्णवाहिका अडकतात. तुमच्याकडे दुसरा उपाय असेल तर चैत्रातल्या सिदोबाच्या जत्रेला करून दाखवा. त्या दिवशी घाट वाहता राहिला, तर मैदान शाळेचं."

"राहील," कृत्तिका आबांच्या आधीच बोलून गेली.

बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "शब्द तू दिलास. आता उपायही तूच शोध."

"तुम्ही कशाला आहात मग?"

दुसऱ्या दिवशी तिघं घाटाकडे निघाले. तिसरा होता मोजू. मोजू म्हणजे माठाएवढा, दोन डोळ्यांचा यंत्रमानव. जिल्ह्यातल्या सगळ्या नाक्यांवरच्या वाहनांची मोजदाद त्याच्याकडे येई, आणि त्याचा त्याला भारी तोरा.

"बाजाराच्या दिवशी, लग्नसराईत आणि जत्रेला कोंडी होते," मोजू म्हणाला. "सुरुवात नेहमी म्हसोबाच्या वळणापाशी. एरवी होत नाही. कारण अज्ञात."

"नुसतं मोजतोस, समजत काही नाही," कृत्तिकानं चिडवलं.

"समजण्याचा भाग आबांकडे. माझ्याकडे मोजण्याचा."

गाडी वळणावर आली. शेंदूर फासलेला म्हसोबा दिसताच आबांनी सवयीनं एक हात सोडला, छातीला लावला, पाय हलकेच ब्रेकवर टेकवला आणि मान लववली.

"वेग साठवरून पन्नासवर," मोजू बोलला. "मागच्या गाडीचा चव्वेचाळीसवर. त्यामागच्या दुधाच्या टँकरचा अडतीसवर."

कृत्तिका ताडकन वळली. "आबा! कोंडी तुम्हीच करताय की!"

आबांनी गाडी कडेला घेतली. म्हसोबाकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, आणि खो खो हसत सुटले. "चाळीस वर्षं रस्ते तपासले, पण स्वतःचा पाय कधी तपासला नाही!"

तिथंच उभं राहून त्यांनी पाहिलं. रिक्षावाला, जीपवाला, मोटारसायकलवरची बाई, सगळे म्हसोबाला हात जोडत आणि जोडताना जरासे मंदावत. मालाच्या ट्रकांना चालकच नव्हते, ते यंत्रानं चालत. ते हात जोडत नसत, पण पुढची गाडी मंदावली की तेही ब्रेक लावत.

"पण एवढ्याशा नमस्कारानं एवढी मोठी कोंडी?" कृत्तिकाला पटेना.

"मैदानावर चल. तुझं पथकच सांगेल."

संध्याकाळी लेझीमचे जंगम सर आले, मुलं आली. आबांनी सगळ्यांना मोठ्या गोलात एकामागं एक उभं केलं. "आज लेझीम नाही, नुसतं चालायचं. झपाझप. पुढच्याच्या पाठीला चिकटून."

गोल फिरू लागला. आबांच्या खुणेसरशी कृत्तिकानं म्हसोबाला करावा तसा नमस्कार केला आणि क्षणभर मंदावली. मागचा मुलगा तिच्यावर आदळता आदळता थांबला. त्याच्या मागची मुलगी त्याहून जास्त थांबली. कृत्तिका तर पुढं निघूनही गेली होती, पण ते थांबणं एकाकडून दुसऱ्याकडे, मागं मागं सरकत राहिलं. गोलाच्या पार पलीकडची मुलं उभी राहून ओरडत होती, "अरे कोण थांबलंय पुढं?"

"कोणीच नाही!" आबा आनंदानं ओरडले. "हीच ती लाट. मुलं पुढं चालली, पण थांबणं मागं चाललं. पुढचा थांबलेला दिसला, की आपला पाय थांबायला थोडा वेळ लागतो. त्याला प्रतिक्रियाकाल (डोळ्यांनी पाहणं आणि पायानं ब्रेक दाबणं यांमधला वेळ) म्हणतात. तेवढ्यात दोघांमधली जागा कमी होते, म्हणून मागच्याला जास्त जोरानं ब्रेक लावावा लागतो. त्याच्या मागच्याला आणखी जोरानं. असं होता होता कुणीतरी पूर्ण थांबतं. आपण वळणावर पोचेपर्यंत नमस्कार करणारा केव्हाच घरी गेलेला असतो!"

"मग रोज का नाही होत?"

"रोज वाहनघनता (एका किलोमीटर रस्त्यावर एका वेळी असलेली वाहनं) कमी असते. मधल्या मोकळ्या जागेत तो ब्रेक जिरून जातो. जत्रेला मधे जागाच उरत नाही."

मोजू म्हणाला, "उपाय सोपा आहे. नमस्कारावर बंदी."

"मग पहिला दंड मलाच होईल," आबा म्हणाले. "आणि रस्ता तीन पदरी केला, तरी लोक तिन्ही पदरांतून हात जोडतीलच."

कृत्तिका जंगम सरांकडे वळली. "सर, मिरवणुकीत आपली लाट का होत नाही? तिथंही वाटेत कुणीतरी थांबतंच की."

"कशी होईल? तुम्हाला मी पहिल्याच दिवशी काय शिकवतो? हात लांब करून लेझीम पुढच्याला लागणार नाही, इतकं अंतर ठेवायचं. मागं पडलात तर पळायचं नाही. ठोक्याठोक्यानं, हळूहळू अंतर भरून काढायचं. पळत गेलात तर पुढं जाऊन थांबावंच लागतं."

आबांनी कपाळावर हात मारला. "पुन्हा चाला! पण सरांच्या पद्धतीनं!"

मुलं चालली. थोडी सावकाश, सारख्या अंतरानं. कृत्तिकानं नमस्कार केला. मागच्याचं पाऊल जरा आखूड पडलं, त्याच्या मागच्याचं नाममात्र. तिसऱ्याला तर कळलंही नाही. गोल फिरतच राहिला.

मग कामाला जोर चढला. दूध संघाकडे बिनचालक टँकर होते. आबांनी त्यांच्या यंत्रांना जंगम सरांची रीत शिकवली: एकाच संथ वेगानं चालायचं, पुढं जागा राखायची, अंतर पडलं तर धावायचं नाही. असे टँकर जत्रेच्या गर्दीत थोड्या थोड्या अंतरानं सोडायचे, म्हणजे पुढून मागं येणाऱ्या प्रत्येक लाटेला वाटेत कुठंतरी जिरायला जागा मिळेल.

जत्रेच्या सकाळी घाट गाड्यांनी भरून गेला. पहिल्या टँकरमध्ये आबा, कृत्तिका आणि मोजू. मागून भोंग्यांचा नुसता कल्लोळ.

"ए डबड्या, चल की! पुढं एवढी जागा मोकळी पडलीय!"

"दूध नासलं का रं तुझं?"

एक जीप शिट्टी मारत पुढच्या मोकळ्या जागेत घुसली. तिच्या मागून एक रिक्षाही.

"जागा खाल्ली," मोजू म्हणाला.

कृत्तिकानं आबांची बाही ओढली. "आबा, आता?"

"आता लेझीम. कुणी पंगतीत घुसलं तर तू काय करतेस?"

"थोडी मागं राहते. पुन्हा अंतर धरते."

टँकरनंही तेच केलं. न चिडता, न थांबता, हळूच मागं राहून त्यानं पुन्हा जागा केली. वळण आलं. जीपवाल्यानं म्हसोबाला हात जोडले आणि ब्रेक लावला. रिक्षा जवळजवळ थांबली. टँकर मात्र त्या राखलेल्या जागेत तसाच संथ पुढं गेला, आणि तिथं पोचेपर्यंत रिक्षा सुटलेलीही होती.

"मागं काय?" आबांनी विचारलं.

मोजूचे डोळे लुकलुकले. "मागं काही नाही. लाट इथंच संपली. घाट वाहतो आहे."

दिवसभर घाट वाहत राहिला. भरल्या जत्रेत एक रुग्णवाहिका वर गेली आणि खालीही आली, तिला कुठंच थांबावं लागलं नाही. पायथ्याच्या पुलावर तडवी मॅडम सकाळपासून उभ्या होत्या. संध्याकाळी त्या टँकरपाशी आल्या आणि आधी कृत्तिकाशी हात मिळवला.

"मैदान शाळेचं," त्या म्हणाल्या. "आणि आता बाकीच्या घाटांचंही बघायचंय. पथक घेऊन येणार का?"

कृत्तिकाची मान ताठ झाली. "सरांना विचारून सांगते," ती म्हणाली. आबा तिच्याकडे असे बघत होते, जणू डॉक्टरेटची पदवी त्यांना नाही, तिलाच मिळाली होती.

त्या वर्षापासून जिल्ह्यातल्या प्रत्येक घाटात जत्रेला संथ टँकर निघू लागले. चालक शिकवणीच्या वर्गांत अंतराचा धडा आला, आणि त्याला लोकांनीच 'लेझीमची रीत' असं नाव दिलं. शेजारच्या जिल्ह्यांतले अभियंते सोनवडीला येऊन शिकून गेले. कृत्तिका मोठी होऊन रहदारीचीच शास्त्रज्ञ झाली. आता जमिनीवरच्या रस्त्यांबरोबर उडत्या गाड्यांचे हवाई रस्तेही तीच आखते. आभाळात वळणं नवी असतील, थांबे नवे असतील, आणि कोडी सोडवायला आज शाळेत शिकणारी मुलं लागतील.

डॉ. दिनकर लवटे यांनी घाटाघाटांतली ही कामं सुरू झालेली पाहिली. दोन हजार एकोणसाठ सालच्या माघात, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, सोनवडीत राहत्या घरी ते वारले.